होडी अपडेट: मशीन शेवटी ९.९ एचपीचीच

होडी घेतल्यापासून जो तो विचारतोय मशीन (मागे टांगायचं इंजिन) किती एचपीची टाकणार, आणि मी तोंड उघडायच्या आधी स्वतःच सांगून मोकळा, १५ टाक, २५ टाक, खाडीत ओढ असते. ओढ असतेच, अमावस्या-पुनवेच्या ओहोटीला वाशी पुलाच्या खांबांपाशी पाणी कसं खेचतं ते बघितलंय सगळ्यांनी. पण होडीचं वजन किती, हे एकानेही विचारलं नाही.

म्हणून आधी तेच काढलं. होडी १७ फुटी फायबरची, दिवाळे गावच्या एका नाखव्यांकडून (होडीचे मालक-तांडेल) घेतलेली, वापरलेली. टेम्पोवर चढवून तुर्भ्याला ट्रकच्या काट्यावर नेली, आधी रिकामा टेम्पो मग होडीसकट, वजा केलं तर ३४० किलो! काटेवाला हसत होता. एवढ्या मापाला जरा जास्तच आहे, कारण फळीखालचा फोम पाणी पिऊन बसलाय, जुन्या फायबरला हा रोग असतोच. त्यात दोन माणसं, मशीन, पेट्रोल, बर्फाची पेटी, नांगर, जाळी धरली की सहाशेच्या आसपास जातं. कॅटलॉगमधलं वजन धरून एचपी ठरवणाऱ्यांनी एकदा काट्यावर जाऊन या.

आता गणित. पाण्यात बसणारी लांबी साधारण १६ फूट, त्याचं वर्गमूळ ४, गुणिले १.३४, म्हणजे ५.४ नॉट, ताशी जेमतेम १० किलोमीटर. पाणी कापत जाणाऱ्या होडीची ही मर्यादा. त्यापुढे जायचं तर होडीने स्वतःच्याच लाटेवर चढून प्लेन व्हायला, म्हणजे वर उचलून पाण्यावरून घसरत जायला पाहिजे, आणि त्याला ढोबळमानाने दर २० किलोमागे १ एचपी तरी लागतो, म्हणजे माझ्या केसमध्ये ३०. १५ टाकलं तर ना इकडचं ना तिकडचं, नाळ (पुढचं टोक) आभाळात, मागची बाजू पाण्यात रुतलेली, मशीन बोंबलतंय आणि स्पीड तोच थोडासा वाढलेला. पेट्रोल मात्र जाणार, फोरस्ट्रोक फुल थ्रॉटलला तासाला साधारण एचपी भागिले १० एवढे अमेरिकन गॅलन पितं, एक गॅलन म्हणजे ३.८ लिटर. ९.९ ला पावणेचारच्या आसपास, १५ ला साडेपाचच्या वर, ३० ला अकरा लिटरच्या पुढे. बोय आणि शिंगाळ्यासारख्या माशांसाठी तासाला अकरा लिटर? घरचे मलाच खाडीत सोडतील.

उलट मर्यादेच्या आत चालवायला एवढ्या वजनाला ४-५ एचपी पुरे होतात. ९.९ घेतोय ते ओहोटी आणि समोरचा वारा एकत्र आले तर हाताशी जोर असावा म्हणून. समजा २ नॉटची ओढ असेल तरी ३ नॉटने पुढे सरकतोय, ऐरोलीपर्यंत जायला तेवढं बास. आणि बहुतेक वेळा भरती धरूनच जायचं असतं, नाहीतर परत येताना चिखलात बसून फ्लेमिंगो मोजत बसा, शिवाय मशीन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपात गाळ गेला की आतल्या इम्पेलरची (पाणी ढकलणारं रबरी चक्र) वाट.

खरा निकाल मात्र ट्रान्समने, म्हणजे मशीन टांगतात त्या मागच्या आडव्या फळीने लावला. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो, कडेला टणटण, मधे जिथे मशीन बसणार तिथेच बद्द आवाज. बारीक ड्रिल मारलं तर भुसा कोरडा यायच्या ऐवजी काळपट ओला, बोटात धरून पिळला तर पाणी. आतला प्लाय कुजलाय. आता आयएस ७१० वाला मरीन प्लाय टाकून वरून फायबर करून घेतोय, तरी एवढ्या जुन्या होडीच्या मागे ५० किलोच्या वरचं १५ फोरस्ट्रोक टांगायची माझी इच्छा नाही, ९.९ मध्ये ४० च्या आसपासचं मिळतं. फक्त एक बघा, काही मॉडेल्समध्ये ९.९ आणि १५ चा इंजिन ब्लॉक एकच असतो, तिथे वजनात काहीच वाचत नाही.

ट्रान्समची उंची १७ इंच भरली, म्हणजे १५ इंची शॉर्ट शाफ्टला (मशीनपासून पंख्यापर्यंतचा दांडा) जास्त आणि २० इंची लाँगला कमी. कोणीतरी मधे कापलाय वाटतं. नवीन करतोच आहे तर २० करून लाँग शाफ्ट घेतोय, मागून मोठ्या बोटीची लाट आली की पाणी आत येत नाही. शाफ्ट लांब असला तरी पंखा होडीच्या तळाखाली तेवढाच राहतो, त्यामुळे उथळ पाण्यात फरक पडत नाही. कॅव्हिटेशन प्लेट (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) तळाच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली.

नाखवा बोललेले, "मशीन मोठी नको रे, पंखा बघून घे." शंभर टक्के पटतं. जड होडीला कमी पिचचा (एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे सरकेल ते माप) पंखा हवा, पिच १ इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात, आणि फुल लोडला मशीन मॅन्युअलमधल्या रेंजमध्ये फिरली पाहिजे. ठाण्यात एक वापरलेली ९.९ बघून ठेवलीय, कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं चेक करून मगच पैसे देणार. तिच्यावर ९ इंच पिचचा पंखा आहे, मी ८ शोधतोय. कोणी सहाशे किलोच्या होडीला ८ चालवला असेल तर आरपीएम किती मिळाले तेवढं टाका.