पूर्णांक बाजू, पूर्णांक त्रिज्या

सुवर्णमहोत्सवी अंकात आठवणी पुष्कळ येतील. मला आपल्या शाळेत भूमितीच्या तासाला शिकलेली एक गोष्ट पुढे न्यायची आहे. लंबदुभाजक घेऊन त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे परिवर्तुळ आपण सगळ्यांनीच काढले. आता प्रश्न असा, की त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक असताना परिवर्तुळाची त्रिज्याही पूर्णांक कधी येते?

काटकोन त्रिकोणात कर्ण हाच व्यास, म्हणून 3-4-5 ची त्रिज्या 2.5 आणि 6-8-10 ची 5. खरी मजा काटकोन नसताना. ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात रीत दिली आहे: दोन बाजूंच्या गुणाकाराला तिसऱ्या बाजूवरच्या उंचीच्या दुपटीने भागा. 13-14-15 मध्ये 14 वरची उंची 12, म्हणून 195 ÷ 24 = 8.125. क्षेत्रफळ नेमके 84 असूनही त्रिज्या अपूर्णांकच! ती पूर्णांक करायला बाजू आठपट कराव्या लागतात: 104-112-120, त्रिज्या 65.

काटकोन नसलेल्या त्रिकोणांत सर्वांत लहान पूर्णांक त्रिज्या 25 आहे. त्या वर्तुळात असे तीन त्रिकोण बसतात: 14-30-40, 30-30-48 आणि 40-40-48. कारण पाहण्यासारखे आहे. बाजू भागिले व्यास म्हणजे समोरच्या कोनाचा साइन. तो आणि कोसाइन दोन्ही परिमेय हवेत, म्हणजे प्रत्येक कोन 3-4-5 सारख्या पायथागोरसच्या एखाद्या त्रिकुटातला. असे कोन जुळवताना काटकोन टाळायचा तर व्यासात 5, 13, 17 अशा, त्रिकुटांच्या कर्णांत येणाऱ्या मूळ अवयवांपैकी किमान दोन लागतात. 5 दोनदा आला तरी चालतो. त्रिज्या पूर्णांक तर व्यास सम, म्हणून 50 हा पहिला.

कागदावर हे करूनच बघावे. एका एककाला 2 मिमी धरा आणि 5 सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यात 8 सेमीची जीवा PQ घ्या. कंपासमध्ये 6 सेमी अंतर घेऊन P पासून लहान कंसावर खूण करा. तिथून Q पर्यंतचे अंतर 2.8 सेमी भरेल. हाच 14-30-40. तीच खूण मोठ्या कंसावर केली तर अंतर 10 सेमी येते आणि 30-40-50 हा काटकोन त्रिकोण मिळतो. दोन बाजू त्याच, वर्तुळ तेच!

पडताळणीत हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढताना मुले वर्गमुळाखालचा गुणाकार करत बसतात आणि तिथेच चुकतात. अर्धपरिमिती 42, 42 × 28 × 12 × 2 चे अवयव पाडा, 2⁶ × 3² × 7², म्हणजे क्षेत्रफळ 168. मग तिन्ही बाजूंचा गुणाकार भागिले क्षेत्रफळाची चौपट, 16800 ÷ 672 = 25.

उलट, आधी त्रिकोण काढून परिकेंद्र शोधायचे असेल तर 40 आणि 30 या बाजूंचे लंबदुभाजक घेऊ नयेत. ते जेमतेम 16 अंशांत छेदतात, पेन्सिलीच्या जाडीनेही केंद्र सरकते. 14 आणि 30 चे घ्यावेत, ते 53 अंशांत छेदतात. केंद्र त्रिकोणाबाहेर, 40 च्या पलीकडे पडते. त्रिकोण विशालकोन असल्याने ते तिथेच हवे, खोडरबर हाती घेऊ नये.