दुसऱ्या खिडकीचा पत्ता

गुप्तधनासाठी मारलेला खड्डा चटकन ओळखू येतो. कडा वाकड्यातिकड्या, उपसलेली माती बाजूलाच टाकलेली, आणि जागा म्हणजे पडक्या देवळाचा गाभारा, नंदीचा पुढा नाहीतर वीरगळाचे बूड. खणणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. नासाडी व्हायची ती होतेच.

पडक्या देवळात वरती पालापाचोळ्याची काळी माती असते, तिच्याखाली फुटक्या कौलांचा थर, मग जुनी जमीन आणि शेवटी पायाचे चिरे. कौलांखाली सापडलेली वस्तू छप्पर कोसळण्याआधीची, जमिनीखालची त्याहून जुनी. काळ ठरतो तो या क्रमावरून, आणि खणणारा हे सगळे एकाच ढिगात कालवतो. त्यात गोव्याचा पाऊस. कडा ढासळतात, खड्डा रुंदावतो आणि शेजारची न उकरलेली मातीही त्यात उतरते.

जागेची किंमत कळायला जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांइतके चांगले उदाहरण नाही. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 साली शिराझमध्ये मारली गेली. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी 1627 मध्ये गोव्यात आणल्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत पत्ता होता: चॅप्टर चॅपल (मठातले प्रार्थनागृह), दुसऱ्या खिडकीपाशी, काळ्या दगडाची पेटी. पण 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले होते, म्हणून आधी ढिगारा उपसून नकाशा जुळवणे आले, मग ती खिडकी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला 2004 मध्ये हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने तपासलेल्या तीन नमुन्यांपैकी याच एकाचा मातृवंश, म्हणजे आईकडून येणाऱ्या डीएनएचा गट, यू1बी निघाला. भारतातल्या 22,000 नमुन्यांत तो नव्हता, जॉर्जियातल्या 30 पैकी 2 जणांत होता. पण डीएनएने सांगितले ते एवढेच की हाड तिकडच्या बाईचे असू शकते. त्या हाडाला राणीचे नाव मिळाले ते खिडकीमुळे. तेच हाड कुणी आधी उचलून दुसरीकडे टाकले असते, तर 2021 मध्ये जॉर्जियाला सोपवण्यासारखे आपल्याकडे काहीच उरले नसते.

इजिप्तमध्ये थडगी फोडणाऱ्यांचे कबुलीजबाब तीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसवर आहेत. मला त्याहून मोठे नुकसान 1881 चे वाटते. देर अल-बहारीच्या एका गुप्त थडग्यातून एक कुटुंब दहा वर्षे वस्तू विकत होते. ते उघडकीस आल्यावर पुन्हा चोरी होईल या धास्तीने अधिकाऱ्यांनी पन्नासच्या आसपास ममी दोनेक दिवसांत बाहेर काढल्या. कोणती पेटी कुठे होती, याची धड नोंदही झाली नाही.

आपल्याकडे विहीर खणताना किंवा चिरे काढताना काही लागले, तर काम तिथेच थांबवा. वस्तू उचलू नका. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो घ्या, एक जवळून आणि एक आजूबाजूचे झाड-भिंत दिसेल असा, आणि मोबाईलवर ठिकाण नोंदवा. खोली जमिनीपासून मोजा. मग पुरातत्त्व खात्याला कळवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या कायद्याने बंधनकारकच आहे. नाण्यांचे गाडगे फोडून वाटून घेऊ नका. त्यातले सर्वांत अलीकडचे नाणे ते कधीनंतर पुरले गेले हे सांगते, आणि ते नाणे सगळ्यांत मळकट, तांब्याचेही असू शकते. ताम्रपट मिळाला तर चिंच लावून घासायचा मोह आवरा. आम्लाने हिरव्या थराबरोबर उथळ कोरलेली अक्षरेही झिजतात.