बुद्धिबळ इंजिन, आठवडा सहावा: एकच पट चाळीस वेळा

जावा भाषेत बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहितोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘आता फक्त चाल मागे घ्यायचं बटण राहिलंय.’ त्या ‘फक्त’ने तीन संध्याकाळी खाल्ल्या.

प्रत्येक चालीआधी पट लिस्टमध्ये टाकत होतो. चाळीस चालींनंतर बटण दाबलं, घोडा जागचा हलेना. लिस्टमध्ये नोंदी चाळीस, पट मात्र एकच. जावाच्या व्हेरिएबलमध्ये पट नसतो, पटाचा पत्ता असतो, आणि मी तोच पत्ता चाळीसदा लिहून ठेवला होता. (हे मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत.) मग पटाची प्रत काढली (क्लोन), तरी तेच! माझा पट म्हणजे रकान्यांची यादी, अ‍ॅरे. आठ बाय आठची अ‍ॅरे म्हणजे जावाच्या लेखी आठ ओळींचे पत्ते ठेवणारी अ‍ॅरे. क्लोनने बाहेरची नवी दिली, आतल्या ओळी जुन्याच. शेवटी ६४ इंटची (पूर्णांकांची) एक सरळ अ‍ॅरे केली. आता घोडा मुकाट घरी जातो.

दुसरा घोटाळा बरोबर उलटा: एकच हवं तिथे दोन. पटावरची स्थिती ओळखायला झोब्रिस्ट हॅशिंग घातलंय, म्हणजे रँडम संख्या एकत्र करून प्रत्येक स्थितीला एक आकडा देणं. युक्ती १९७० ची, पण अजून तिला तोड नाही. १२ प्रकारची मोहरी गुणिले ६४ घरं म्हणजे ७६८ रँडम संख्या, वर चाल कोणाची त्याची १, कॅसलिंगच्या ४, एन पासाँच्या (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणं) ८. एकूण ७८१. ही यादी सगळ्यांची एकच हवी, म्हणून सिंगलटन (अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच वस्तू) केला: नल (अजून काहीच नाही) असेल तर बनव, नाहीतर आहे तो दे.

एका थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्यावर) झकास. दोन सोडले की कधीकधी एकाने साठवलेली स्थिती दुसऱ्याला सापडायचीच नाही. दहादा चालवा, एखाद वेळी घडणार. आयडेंटिटी हॅशकोड (वस्तूची ओळख सांगणारा आकडा) छापला तर आकडे दोन वेगळे! दोघांनी एकाच क्षणी नल पाहिलं आणि आपापली यादी बनवली.

सिंक्रोनाइझ्ड (एका वेळी एकच थ्रेड आत) लावून भागलं असतं. व्होलाटाइल (एका थ्रेडचा बदल दुसऱ्याला दिसावा म्हणून) घालून दोनदा तपासायची पद्धतही जावा ५ पासून चालते, पण ती वाचताना माझंच डोकं फिरतं. एनम (ठरलेल्या वस्तूंचा जावातला प्रकार) केला, तो एकदाच तयार होईल हे जेव्हीएम (जावा चालवणारी यंत्रणा) बघते. दुसऱ्या दिवशी तोही काढला. संख्या बदलतच नाहीत, मग प्रायव्हेट स्टॅटिक फायनल (सगळ्यांत मिळून एकच, एकदाच बनणारी) अ‍ॅरे पुरे. सीडही (रँडम संख्या ज्यावरून सुरू होतात तो आकडा) ठरावीक ठेवला, म्हणजे आजचा बग उद्या तसाच सापडतो.

साठवलेल्या स्थितींचं टेबल मात्र सिंगलटन करणार नाही. ते सतत बदलतं, आणि एका टेस्टचा उष्टा खरकटा माल पुढच्या टेस्टच्या ताटात येत होता. आता ते कन्स्ट्रक्टरमधून (वस्तू बनवतानाच) देतो, डावागणिक नवं.

सुरुवातीच्या पटापासून शक्य चालक्रमांची मोजणी चौथ्या पातळीपर्यंत (दोन्ही बाजूंच्या मिळून चार चाली) जुळते: १,९७,२८१. पाचवीला ४८,६५,६०९ यायला हवेत, माझे कमी पडतात. एन पासाँ पहिल्यांदा तिथेच लागतो, त्यामुळे संशय त्याच्यावरच. शनिवारी बघतो.