"बघितलंत? बेल न वाजवता!"

काकू दवाखान्यात यायला तयारच नव्हत्या. "मला वेड्यात काढायचं आणि फ्लॅट लिहून घ्यायचा, हाच डाव आहे," असं त्यांनी मुलाला ऐकवलं होतं. म्हणून समुपदेशक या नात्याने मीच कर्वेनगरला त्यांच्या घरी गेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सत्तरी ओलांडलेली, नोकरीतून निवृत्त झालेली बाई, डोकं तल्लख. त्यांनी माझ्यापुढे एक दोनशेपानी वही ठेवली. तारीख, वेळ, कोण कुजबुजलं, सगळं सुवाच्य अक्षरात. "मी खोलीत गेले की सुनेचा फोनवरचा आवाज खाली येतो. माणसं येतात-जातात, बेलसुद्धा वाजवत नाहीत." कपाटाच्या कडीला काळा दोरा गुंडाळला होता. रोज रात्री त्याचे वेढे मोजायचे, मग आडवं व्हायचं. झोप तरी कसली, पहाटे तीनलाच डोळे टक्क उघडे.

बोलता बोलता बेल वाजली. चिमणीसारखी चिवचिवणारी, बारीक आवाजाची. काकूंनी मानसुद्धा वळवली नाही. सून इस्त्रीचे कपडे घेऊन आत आली, तशा काकू माझ्या कानाशी लागल्या, "बघितलंत? बेल न वाजवता!"

उतारवयात आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, क ही व्यंजनं पुसट होतात, स्वर बऱ्यापैकी ऐकू येत राहतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. हे इतकं सावकाश होतं की कानांची शंकाच येत नाही. लोकच हळू बोलायला लागलेत असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो आणि सहकाऱ्यांचा १९८१चा एक प्रयोग आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना संमोहनाने तात्पुरतं कमी ऐकू येईल असं केलं. ज्यांना त्याचं कारण ठाऊक नव्हतं, ते इतरांपेक्षा चिडखोर आणि संशयी झाले.

अर्थात कमी ऐकू येणारे सगळेच संशयी होत नाहीत. काकूंचे यजमान गेले तेव्हा तेराव्याच्या आत दिराने कोऱ्या कागदावर सही घेतली आणि वाड्यातला हिस्सा गेला. आता सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघालीय, घरात पुन्हा सह्यांच्याच गोष्टी. मजल्यावरच्या मैत्रिणी मुलांकडे परगावी गेल्या. मनातली शंका बोलून दाखवावी आणि समोरून "छे गं, तसं काही नाही" ऐकावं, असं माणूसच उरलं नाही. एवढं सगळं असताना "वय झालं, भ्रमिष्ट झाल्यात" म्हणून मोकळं होणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही, होला होही मिळवलं नाही. वहीतल्या एका नोंदीवर बोट ठेवून, समोर बसून, सावकाश विचारलं, "काकू, इथे शब्द ऐकू आले होते, की नुसता आवाज?"

त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. "आवाज," म्हणाल्या. "शब्द नाही."

त्याच आठवड्यात त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. दोन्ही कानांना यंत्र लागलं. झोपेसाठी आणि संशयासाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू आहेत, कडीचा दोरा अजून सुटलेला नाही. सून आता समोर येऊन बोलते. रीडेव्हलपमेंटचा करारनामा मात्र स्वतःच्या वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करणार नाही, असं काकूंनी ठणकावून सांगितलंय, आणि मुलाने वकिलांची वेळ घेतली आहे.