म्हार्दोळला अडकलेला ठिपका

आमच्या कंपनीच्या अॅपमध्ये प्रत्येक एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधं दाखवत फिरणारा कंपनीचा माणूस, नकाशावरचा एक निळा ठिपका असतो. ठिपका हलतोय म्हणजे माणूस काम करतोय, थांबला की काहीतरी गडबड. दवाखान्याबाहेर पाऊण तास ताटकळलो तरी ठिपका आळशीच दिसतो, आणि बाइकवरून फोंड्याला उगाच दोन चकरा मारल्या की तोच फार कष्टाळू दिसतो. तर माझा ठिपका दर बुधवारी दीडच्या सुमाराला म्हार्दोळला येऊन थांबतो आणि चारपर्यंत जागचा हलत नाही, हे पुण्यात बसलेल्या आमच्या सरांच्या ध्यानात आलं.

"तिथे कोण डॉक्टर आहे रे?"

"डॉक्टर नाही सर. महालसेचं देऊळ आहे."

"मग दर बुधवारी नवस फेडतोस काय?"

मी म्हणालो, "सर, दुपारी गोवा बंद असतो."

त्यांना काही हे पटलं नाही. मी मूळचा आजऱ्याचा, बदलीवर फोंड्याला आलो तेव्हा मलाही पटलं नव्हतं. एक वाजला की केमिस्ट शटर ओढतो, डॉक्टर शेवटच्या पेशंटला वाटेला लावून घरी जातात, हार्डवेअरवाला खुर्ची आत घेतो. मग शीत-कडी, तळलेला बांगडा आणि झोप. चार-साडेचारला पुन्हा शटर वर. बाहेरचे लोक यावर हसतात आणि गोवेकर आळशी म्हणून मोकळे होतात. पण तोच केमिस्ट रात्री साडेआठपर्यंत काउंटरवर उभा असतो आणि डॉक्टर शेवटचा पेशंट जाईपर्यंत उठत नाहीत, ते कुणी बघत नाही. आमचाही दिवस त्यामुळे सकाळी नऊ ते रात्री नऊ असा ताणला जातो. मधले तीन तास कुणाच्याच हिशेबात नाहीत. शेजारच्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास सुट्टी ठरवून दिली होती. आम्हा एमआर लोकांसाठी १९७६ सालचा वेगळा कायदा झाला, त्यात किरकोळ रजा, आजारपणाची रजा, सगळं मांडलं होतं. पण भर दुपारी टाय सोडून कुठे टेकायचं, हे त्यातही नव्हतं.

म्हार्दोळ शोधलं झिंकताईने. हे तिचं खरं नाव नाही, अर्थातच. आमच्यात माणसाला औषधाच्या नावाने हाक मारतात. ती मुलांच्या डॉक्टरांना झिंकचं सिरप दाखवते म्हणून झिंकताई. सावंतवाडीचा एक जण आम्लपित्ताची गोळी विकतो, तो पॅन्टो. मी रक्तदाबाची टेल्मिसार्टन विकतो आणि समोरच्या कंपनीचा एक पोरगाही तीच विकतो, म्हणून मी थोरला टेल्मी, तो धाकटा. वय त्याचं माझ्याहून जास्त आहे, पण या भागात मी आधी आलो. आधी आम्ही पुरुष मंडळी झाडाखाली बाइकला टेकून उभे राहायचो, त्यात आम्हाला काही कमी वाटायचं नाही. ताई एकदा भडकलीच. "तुमचं ठीक आहे रे. मी सकाळी आठला घराबाहेर पडते. मला बाथरूम लागतं." या धंद्यात बायका कमी पाणी पितात आणि मग मूतखड्याच्या डॉक्टरकडे स्वतःच पेशंट म्हणून जातात, हे तिने आम्हाला तिथेच सुनावलं. देवळाच्या आवारात स्वच्छ संडास, प्यायला पाणी, बसायला सावलीचा ओटा. दुसऱ्या बुधवारपासून आमचा मुक्काम म्हार्दोळला हलला.

तसा हा सगळा प्रियोळ-म्हार्दोळचा भाग आसरा देण्यासाठीच प्रसिद्ध. मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून इथे आणला, महालसा वेर्ण्याहून आली. तेव्हा अंत्रुज महाल, म्हणजे हा फोंड्याचा भाग, पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता, म्हणून नदी ओलांडून देवांनाही इकडे यावं लागलं. मग आम्ही कोण?

सर आले ते ऑगस्टमध्ये, धो धो पावसात, जॉइंट वर्कला, म्हणजे दिवसभर माझ्याबरोबर फिरायला. दिवस अर्थात बुधवार निवडला होता. सकाळी फोंड्यातले कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, बरे झाले. २०२४ च्या नव्या नियमावलीनंतर डॉक्टरांना भेटवस्तू देणं बंद झालं आहे, त्यामुळे आता आमच्याकडे फक्त जीभ उरली आहे, आणि सरांची जीभ चांगली चालते. एक वाजता मी म्हणालो, "आता जेवू या." सर म्हणाले, "अजून एक कॉल करू. कुठे झोपलेत बघू तरी."

मंगेशीच्या बाजूला एका डॉक्टरांचा दवाखाना घरालाच लागून आहे. सरांनी स्वतः बेल दाबली. बराच वेळाने डॉक्टरांच्या आईने दार किलकिलं केलं. सरांचा टाय, बॅग, ओले बूट असं सगळं वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "दोतोर न्हिदल्यात. सांजे पांचांक यात." दार बंद. सरांना कोंकणी येत नाही, पण एवढं त्यांना कळलं.

म्हार्दोळला पोचलो तेव्हा ओट्यावर डबे उघडलेले होते. धाकट्या टेल्मीच्या डब्यातली तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी पॅन्टोच्या भातावर आणि ताईच्या चपात्या सगळ्यांच्या हातात. बरोबर नाना होते, औषधांच्या होलसेलरची गाडी चालवणारे, साठीचे, पक्के फोंड्याचे. सरांची नजर थेट धाकट्या टेल्मीच्या बॅगेवरच्या कंपनीच्या नावावर गेली. मागच्या तिमाहीत याच कंपनीने फोंड्यात आमचा पाय मुरगळला होता. दोन्ही टेल्मी एका डब्यात जेवतात हे पाहून त्यांचा चेहरा असा झाला की पॅन्टोने घाईने रुमालाने जागा पुसून दिली.

"तुम्ही लोक इथे काय बोलता?" सरांनी विचारलं. प्रश्न साधा होता, आवाज नव्हता.

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "साहेब, हांगा खोटं बोलता येत नाही." आणि त्यांनी महालसेच्या घंटेची गोष्ट सांगायला घेतली. पूर्वी म्हणे या घंटेला लोलकच नसायचा. कुणाला साक्ष द्यायची असली की तेवढ्यापुरता तो अडकवायचे. घंटा वाजवून जो खोटं बोलेल त्याला देवी तीन दिवसांत बघून घेणार. पोर्तुगीजांच्या कोर्टातसुद्धा ही साक्ष चालायची, असं नाना छातीठोकपणे सांगतात. ही गोष्ट इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण नाना ती अशी सांगतात की त्या कोर्टात पट्टेवाले तेच होते.

"मग सांग," सर माझ्याकडे वळले. "टार्गेट सांगता एकमेकांना?"

"नाही सर. इथे धंद्याचं बोलायचं नाही असा नियम आहे. ब्रँडचं नाव तोंडातून निघालं की त्याने सगळ्यांना लिंबूसोडा पाजायचा."

सरांचा विश्वास बसला नाही. ते हसले आणि म्हणाले, "अरे, पण आपल्या..." आणि पुढे आमच्या गोळीचं नाव घेतलं, अगदी चाळीस मिलिग्रॅमसकट. क्षणभर शांतता. मग धाकटा टेल्मी उठला, म्हणाला, "सर, पाच सोडे. तुमचा धरून सहा." सरांनी पैसे दिले. गंमत म्हणजे त्यानंतर त्यांनी स्वतःच नियम कडक पाळायला सुरुवात केली. पॅन्टो सवयीने काहीतरी बोलायला गेला तर सरच म्हणाले, "बघ हां."

मग कशावर बोललो? बहुतेक तेच, जे दर बुधवारी असतं. पॅन्टोच्या मुलीला दहावीला मराठी सोपं जातं की कोंकणी. ताईच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पावसात बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात भाजी किती महागली. नाना मधूनच एखाद्या गल्लीचा शॉर्टकट सांगतात, तो पुढच्या आठवड्यात चुकतो. फुलं विकणारी मावशी येऊन ताईच्या हातात जाईची सर ठेवून जाते, पैशांचं नंतर बघू म्हणून. म्हार्दोळच्या जायांचा वास पावसात जास्तच येतो. ही माणसं मला कंपनीने दिली नाहीत, फोंड्याने दिली. नात्यागोत्याचं कुणी नसलेल्या गावात ताप आला तेव्हा पेज घेऊन धाकटा टेल्मीच आला होता, तोही त्याच्या रिव्ह्यू मीटिंगच्या दिवशी.

पाऊस वाढला. सरांनी बूट काढले, मोजे पिळून ओट्याच्या कडेला टाकले आणि "पाच मिनिटं टेकतो" म्हणून बॅग उशाला घेतली. पाचव्या मिनिटाला घोरत होते. त्यांचा फोन वाजला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा जागे झाले, पाहिलं तर मुंबईहून त्यांच्या वरच्यांचा. फोन खिशात ठेवत पुटपुटले, "रेंज नव्हती सांगेन."

नानांनी देवळाकडे बोट दाखवलं.

सर उठून बसले. फोन लावला आणि म्हणाले, "सर, मी झोपलो होतो." पलीकडून काय ऐकावं लागलं ते आम्हाला कळलं नाही, पण ते बराच वेळ "हो सर, हो सर" म्हणत मोजे चाचपत राहिले.

नंतर चहा घेताना ते स्वतःहून बोलले. सांगली-मिरजेत ते एमआर होते तेव्हा हातात कागदी डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा अहवाल, असायचा. आटपाडी-जतला रात्रीचा मुक्काम पडला की समोरच्या कंपनीच्या माणसाबरोबर लॉजची एकच खोली घ्यायची, भत्त्यातले पैसे वाचवायचे. तो दोस्त घोरायचा म्हणून हे गच्चीवर झोपायचे. त्याने पुढे लाइन सोडून केमिस्टचं दुकान टाकलं. "आता बोलणं नाही," म्हणाले. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. हे मॅनेजर झाले, एवढंच.

पाच वाजता आम्ही पुन्हा मंगेशीच्या त्याच दवाखान्यात. टाय बांधलेले, केस विंचरलेले, आणि बाकावर आधीच बसलेला धाकटा टेल्मी. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही, कामाच्या वेळेत देत नाही. नंबर त्याचा आधी होता. सर सहसा असं चालू देत नाहीत, काहीतरी गोड बोलून पुढे घुसतात. त्या दिवशी ते बाकावर त्याच्या शेजारीच जाऊन बसले.

डॉक्टर झोपून ताजेतवाने झालेले. बाहेर डोकावून म्हणाले, "दोघेही टेल्मीच ना? आणि हे साहेब? या, सगळेच या आत, माझा वेळ वाचेल."

मग एकाच औषधाची दोन व्हिज्युअल एड, म्हणजे चित्रांची माहितीपत्रकं, एकाच टेबलावर उघडली गेली. आधी तो बोलला, मग मी. दोघांनीही रक्तदाब सारखाच खाली आणला. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि सरांना विचारलं, "आता तुम्हीच सांगा साहेब, मी लिहू कुणाची?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

"बुधवारी यांची लिहा," ते म्हणाले. "बाकी सहा दिवस आमची."

"रविवारी दवाखाना बंद असतो," डॉक्टर म्हणाले.