माथ्यावरची हजेरी

आमच्या सायकल मंडळाचा वार्षिक मेळावा म्हणजे दरवर्षी तोच डोंगररस्ता आणि "यंदा आरामात जायचं हं" ही तीच थाप. पहिला चढ लागला की निम्म्यांच्या अंगात येतं, हे सगळ्यांना ठाऊक. तरी म्हणायचं.

खरी मजा आदल्या संध्याकाळची. सायकली उलट्या करून ठेवलेल्या, कुणी चेन पुसतंय, कुणी ब्रेकची रबरं तपासतंय, टायरमध्ये हवा किती यावरून वाद रंगलेला. मंडळातले ज्येष्ठ काका प्रत्येक नवख्याच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून दाते मोजायचे. "पुढे 34 आणि मागेही 34 असू देत. एका पॅडलला चाक एकदाच फिरेल, जेमतेम दोन मीटर सरकशील. पण सरकशील!" मग टूर द फ्रान्स. 1910 साली ती शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली, तेव्हा चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचं आणि दुसऱ्या बाजूचं मोठं दातेचक्र चेनकडे येईल असं उलटं बसवायचं. चालता चालता गिअर बदलायची मुभा मिळाली ती थेट... इथे काका दम घ्यायचे आणि आम्ही जुने लोक एका सुरात ओरडायचो, "1937!"

सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवता येतो. आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर वर जाताना, वेगच इतका पडतो की आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही. ज्याचं वजन त्यानेच वर न्यायचं. गप्पा आपोआप बंद. हेल्मेटच्या पट्ट्यावरून घाम टपकतोय, आणि सगळ्यात हलका गिअर कधीच पडलेला असूनही बोट पुन्हा पुन्हा त्या खटक्याकडे जातंय. शेजारूनही तसाच पोकळ 'खट्' ऐकू आला की काय बरं वाटायचं!

माथ्यावरचा नियम मात्र कडक. आधी पोचलेल्यांनी जॅकेट चढवून थांबायचं. शेवटचा गडी आल्याशिवाय उताराला लागायचं नाही. तिथे चक्क वहीतून हजेरी व्हायची. वेगवान पोरं कुरकुरायची, मग कंटाळून खाली जाऊन मागे राहिलेल्यांच्या सोबतीने पुन्हा चढून यायची. मला विचाराल तर मंडळाने केलेला हा एकच नियम खरा कामाचा, बाकीचे सभेपुरते.

उताराआधी काकांची तंबी: ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नाही. सारखा दाबून धरू नका, रिम तापते. वळताना बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली.

संध्याकाळी बक्षिसं. "आलाच माथा" असं सर्वांत जास्त वेळा खोटं सांगणाऱ्याच्या गळ्यात झिजलेली चेन घालायची. काकांनी ती इतक्यांदा पटकावली की शेवटी त्यांना परीक्षक करून टाकलं. तेव्हापासून निकालावर भांडणं होतात.