नाशकात नव्याने आलात? आधी मंडळी, म्हणजे आपलं चर्च, गाठा

आज शरणपूर रोडला उपासनेनंतरच्या चहाला परत तोच प्रश्न: यूट्यूबवर संदेश ऐकतो, मग मंडळीचं सभासद कशाला व्हायचं? अहो, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, मोबाईलमधून हातात येत नाही. आणि बायबलमधल्या मत्तय 18:17 प्रमाणे तंटा मंडळीपुढे न्यायचा, तर आपली म्हणावी अशी मंडळी हवी ना!

अंबड-सातपूरला नोकरीसाठी आलेले हमखास एक चूक करतात. जुन्या मंडळीतून बदलीचं पत्र आणत नाहीत, आलटून पालटून दोन-तीन ठिकाणी बसतात. मग लग्न ठरतं. बऱ्याच मंडळ्यांत लग्नाची घोषणा आधी तीन रविवार उपासनेत वाचतात, आणि इथे रजिस्टरात नावच नाही! अंत्यविधीला तर पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, घरही शोधावं लागतं.

पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला येतानाच आणा. पाळकांना एकदा घरी प्रार्थनेला बोलवा, गाता येत असेल तर गायकवृंदात नाव द्या.